ओसरीत आडवी पडलेली दारं

एक उन्हाळा, एक पावसाळा आणि बराचसा हिवाळा आमच्या घराला दार नव्हतं. खिडक्याही नव्हत्या. हे सांगितलं की लोक हसतात आणि विचारतात, "म्हणजे घर अर्धवट बांधलेलं होतं का?" नाही हो. घर चांगलं राहतं होतं, चूल पेटत होती, देवांची पूजा होत होती. फक्त जिथं दारं-खिडक्या असायला हव्यात तिथं भोकं होती. हे समजावून सांगायचाही आता कंटाळा येतो. एकदाच नीट लिहून ठेवते, म्हणजे पुन्हा कुणी विचारलं तर हा कागद पुढे करता येईल.

भोरला तेव्हा संस्थानचं राज्य होतं. आमचे हे कचेरीत कारकून. घरात सासूबाई, हे आणि मी, एवढीच माणसं. सासरे माझ्या लग्नाच्या आधीच गेलेले. घर नदीच्या अंगाला, कौलारू. पुढे ओसरी, मग माजघर, त्याला लागून स्वयंपाकघर, आणि मागे एक लहान खोली. माजघरातून त्या खोलीत जायला नुसती वाट होती, आणि खोलीचं दार मागे पडवीत उघडायचं. ती खोली माझी.

लाकूड पावसानं भिजायचं आणि भिजलेलं वाळवी खायची. पुढच्या दाराची चौकट वरून तेलपाणी केल्यामुळे ठणठणीत दिसे, पण बोट दाबलं की आतून माती गळायची. एकदा सासूबाई मागचं दार उघडायला गेल्या तर ते बिजागरीसकट त्यांच्या हातात आलं. बिचाऱ्या दार धरून कितीतरी वेळ उभ्या. सोडावं तर अंगावर पडणार आणि धरावं तर हात भरून आलेले. मी धावत गेले तर मलाच म्हणाल्या, "हसतेस काय, धर की." मी हसत नव्हते. निदान मोठ्यानं तरी नाही.

मग ह्यांनी ठरवलं की एकेक दार दुरुस्त करत बसण्यात अर्थ नाही, सगळीच नवी करून घ्यायची. खिडक्याही मोठ्या, झडपांच्या. कचेरीतल्या कुणीतरी कामथडीचा एक माणूस सुचवला. तो सर्व्हिस मोटारीनं आला. डोक्याला फेटा, अंगात कोट, कानावर पेन्सिल. सासूबाईंनी "सुतार आलाय" म्हटल्यावर त्यानं नम्रपणे दुरुस्ती केली.

"आई, म्या सुतार न्हाई. म्या मक्तेदार. सुतार माझ्या हाताखाली हायेत."

"रंधा येतो ना मारता?" सासूबाईंनी विचारलं.

"येतो की."

"मग सुतारच तू."

शेवटपर्यंत त्या त्याला सुतारच म्हणत राहिल्या आणि तोही शेवटपर्यंत दुरुस्त करत राहिला. त्यानं सुतळीला गाठी मारमारून सगळी मापं घेतली. कागदावर काही लिहिलं नाही. कुठली गाठ कुठल्या खिडकीची हे त्याला कसं कळत होतं देव जाणे. आम्ही नारळ दिला, विसार दिला, विडा दिला. पाडव्यानंतर आठवड्याभरात दोन माणसं घेऊन तो हजर झाला. मला तर भरूनच आलं. केवढा वक्तशीर माणूस!

ते एकच दिवस काम करत होते, पण काय काम! संध्याकाळपर्यंत घरातली एकूण एक चौकट निघाली. उंबरठे उपटले, गज काढले, भिंतींना खिंडारं पडली. माझ्या खोलीतून नदीपलीकडचे डोंगर दिसायला लागले. एवढं करून मक्तेदारानं हात झटकले आणि म्हणाला, "आता लाकूड आलं की बसवायलाच येतो."

"लाकूड आलं की म्हणजे?" ह्यांनी विचारलं.

"वेल्ह्याकडनं यायचंय. सांगून ठिवलंय. लई चांगला साग हाय तिकडं."

आधी लाकूड आणायचं आणि मग जुनं काढायचं, हा विचार कुठल्याही शहाण्या माणसाला सुचेल. पुढे मला कळलं की शहाणपण त्याच्याकडेच होतं. आमच्याकडच्या मक्तेदारांची ही रीतच होती. पहिल्याच दिवशी घर उघडं करून टाकायचं. मग गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाऊ शकत नाही, कारण दुसऱ्यानं उघडं केलेल्या घराला कुठलाही सुतार हात लावायचा नाही. तो धर्म ते सगळे पाळायचे. आमची चौकटीची भोकं म्हणजे त्याचा करार होता.

मग त्यानं आमच्या हातावर तुरी दिल्या. ह्यांनी निरोप पाठवले, तर कधी तो वरव्याला दुसऱ्या कामावर, कधी शिवऱ्याला कुणाच्या लग्नात. कधी जंगलाचा परवाना मिळाला नाही, कधी मिळाला तर बैल आजारी. प्रत्येक निरोपाच्या शेवटी "काळजी नसावी" असायचंच. जुन्या दारांचं म्हणाल तर ती वाळवीनं खाल्लेली लाकडं आम्ही बंबात घातली होती. आमच्याच दारांनी तापवलेल्या पाण्यानं आम्ही अंघोळी करत होतो.

दार नसलेल्या घरात राहून बघावं एकदा. भोकांना आम्ही तरट बांधलं, पण तरटाला कोण भीक घालतो? कुत्री यायची, शेळ्या यायच्या. एकदा एक वानर माजघरात येऊन सासूबाईंच्या जपाच्या पाटावर बसलं आणि त्यांच्याकडे असं बघू लागलं की जणू त्याच पाहुण्या आहेत. दोघींना मिळून कुठं जाता येईना. एक नदीवर गेली की दुसरी घरात हवी. हळदीकुंकू नाही, देवदर्शन नाही. घराला दार नसलं की घरातल्या बाईलाच दार होऊन बसावं लागतं. पहिले काही दिवस मी चिडत होते. नंतर चिडायचंही त्राण उरलं नाही. सकाळी उठून पहिलं काम म्हणजे रात्री सुटलेलं तरट पुन्हा बांधायचं. बांधताना मला रोज वाटे, हे आता जन्मभर असंच चालणार.

आणि अशात मला दिवस राहिले.

आमच्या घरात ही गोष्ट लपायची सोय नव्हती. महिन्याचे चार दिवस बाई पडवीत वेगळी बसायची. ती बसली नाही की पहिली नजर सासूबाईंची. त्या महिन्यात मी बसले नाही. पुढच्याही महिन्यात बसले नाही, तेव्हा पाण्याचा हंडा त्यांनी माझ्या कमरेवरून काढून घेतला आणि स्वतः उचलला. बस, तेवढंच.

मला आनंद झाला असं म्हणवत नाही. भीती वाटली. ह्याआधी दोनदा असं झालं होतं आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात सगळं वाहून गेलं होतं. दुसऱ्या वेळी ह्यांनी कोट अडकवायला माजघराच्या भिंतीत एक खुंटी ठोकली होती. त्यानंतर तिसऱ्या की चौथ्या दिवशी ते झालं. सासूबाईंनी त्यानंतर मला दोष दिला नाही, ह्यांनाही दिला नाही. पण ती खुंटी त्यांनी स्वतःच्या हातानं उपटून नदीत टाकली. घरात गर्भार बाई असताना भिंतीत खिळा ठोकायचा नाही, नवी चौकट उभी करायची नाही, उंबरठा बसवायचा नाही, हे आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. मी चार यत्ता शिकलेली होते. खुंटीनं पोटातलं मूल जात नाही हे मला कळत होतं. तरी भिंतीत खुंटीचं जे भोक राहिलं होतं, त्याच्याकडे मी कधी बघत नसे.

मृगाच्या तोंडावर, आभाळ भरून आलेलं असताना, एक बैलगाडी दाराशी थांबली. दाराशी म्हणायची सवय. गाडीत आमची दारं होती. चौकटी, फळ्या, झडपा, उंबरठे, सगळं तासून, रंधून, तेल पाजून तयार. मक्तेदार गाडीतून उतरला आणि विजयी वीरासारखा कोट झटकत म्हणाला, "बगा रावसाब, आणलं का न्हाई? उद्या सकाळच्याला सुरवात. दोन दिसांत घर बंद."

हे कचेरीतून नुकतेच आलेले. त्यांचा चेहरा उजळला. आणि सासूबाई ओसरीच्या कडेला उभ्या राहून म्हणाल्या, "बसवायचं नाही."

जे व्हावं म्हणून आम्ही दोन महिने देव पाण्यात घातले होते, ते अंगणात येऊन उभं होतं, आणि आम्ही त्याला नको म्हणत होतो. मक्तेदाराला काही कळेना. सासूबाईंनी माझ्याकडे नुसती मान केली. त्याच्या घरीही बायकामाणसं होती. त्याला लगेच कळलं. त्यानं चटकन फेट्याला हात लावला.

"मंग न्हाईच बसवायचं," तो म्हणाला. "म्या न्हाई हात लावणार. ते पाप नगं मला."

ह्यांना संताप आला. एरवी आईपुढे आवाज न चढवणारा माणूस, पण त्या दिवशी चढवला. "पावसाळा डोक्यावर आलाय. ही ओल्यात झोपणार का? शास्त्रात घर बांधू नये म्हटलंय. दार बसवू नये असं कुठं आहे?"

"खुंटी तरी कुठं शास्त्रात होती?" सासूबाई म्हणाल्या.

बैलांच्या गळ्यातली घंटा तेवढी वाजत होती. मग ह्यांनी एक गोष्ट केली, जी त्या घरात आधी कधी झाली नव्हती. ते म्हणाले, "तिला विचारा. तिचं मूल आहे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी घरात काय शिजवायचं हेही कधी ठरवलेलं नव्हतं. मला दार हवं होतं. त्या तरटाचा, त्या कुत्र्यांचा, सदान्‌कदा घर राखत बसण्याचा मला इतका वीट आला होता की एक साधी कडी लावून घटकाभर डोळे मिटायला मिळावेत म्हणून मी काहीही दिलं असतं. पण ते मूल त्याहून जास्त हवं होतं.

"नको बसवायला," मी म्हटलं.

मग दारं ओसरीत उतरवली. एकावर एक आडवी रचून ठेवली. उभी करून निदान भोकांना टेकवून ठेवू, असं ह्यांनी सुचवून पाहिलं, पण पूजा न झालेलं दार वाटेत उभं करायचं नाही यावर सासूबाई आणि मक्तेदार दोघांचं एकमत झालं. त्या दोघांचं एकमत झालेली तेवढी एकच वेळ. मक्तेदार जाताना खुशीत होता. त्याचा माल पोचला होता, आता उशीर आमचा होता. "वैनी, तुमी बोलवाल तवा येतो. निसता निरोप धाडा," म्हणाला.

आणि पाऊस आला. आमच्याकडचा पाऊस सरळ पडत नाही, डोंगरावरून आडवा येतो. तरटं भिजून जड झाली आणि सुंभ तोडून खाली आली. बांबूचे तट्टे बांधले, ते वाऱ्यानं फडफडत राहिले. खिडक्यांच्या भोकांत गोधड्यांचे बोळे कोंबले. माजघरात ओल, चुलीत ओल, पिठाला बुरशी. आणि ओसरीत, कोरडी, गुळगुळीत, सागाची दारं. मी त्यांच्यावर बसून तांदूळ निवडायची. कधी वाटायचं उठून कुऱ्हाड घ्यावी.

तिसरा महिना आला. मी दिवस मोजत नव्हते, कारण मोजले की भीती वाटे. जपून उठत होते, जपून बसत होते. त्याच सुमाराला सासूबाईंनी आपलं अंथरूण उचललं आणि माझ्या खोलीच्या मागच्या दारात, म्हणजे पडवीकडच्या भोकात, आणून टाकलं. मला राग आला. आधीच दिवसभर त्यांची नजर पाठीवर, आता झोपेतही पहारा? हे तर तेव्हा ओसरीवर झोपत होते, मग राखायचं कुणापासून?

"इथं कशाला झोपता?" मी विचारलं.

"चोर येतात."

आमच्याकडे चोरायला काय होतं? चार भांडी आणि ओली लाकडं. पण मी वाद घातला नाही. तिसरा महिना सरला. काही झालं नाही. चौथा लागला. त्या तिथंच झोपत राहिल्या.

श्रावणात एका सकाळी त्या देवळात गेल्या होत्या, म्हणून त्यांचं अंथरूण मी गुंडाळायला घेतलं. एरवी ते काम त्या मला करू देत नसत. वाकळेची एक बाजू, माझ्याकडची, कोरडी होती. पडवीकडची बाजू पिळली असती तर पाणी निघालं असतं. कडेनं काळी बुरशी धरली होती. त्या बाजूला रात्रभर त्यांची पाठ असायची. पावसाची झड आणि वारा त्या भोकातून येऊन आधी त्यांच्या पाठीवर आपटायचा, आणि उरलासुरला माझ्यापर्यंत. मी ती वाकळ हातात घेऊन तशीच बसले. इतके दिवस मी त्यांना मनातल्या मनात काय काय म्हटलं होतं, ते सगळं आठवलं आणि लाज वाटली.

त्या आल्यावर मी म्हटलं, "तुम्ही माजघरात झोपा. मी तट्टा दुहेरी बांधून घेते."

"मला आत घुसमटतं," त्या म्हणाल्या, आणि वाकळ माझ्या हातातून ओढून घेतली.

मी पुन्हा सांगितलं, ह्यांच्याकडून सांगवलं. ऐकतील तर त्या सासूबाई कसल्या. त्यांना खोकला लागला होता, पण श्रावणात भोरात खोकला कुणाला नसतो? मी सुंठ-गूळ देई, त्या घेत. पाऊस सरला, थंडी आली. नदीवरून सकाळचं धुकं सरळ घरात यायचं. मला माहेर नव्हतं, आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे बाळंतपण तिथंच होणार होतं. पौषात, त्या दार नसलेल्या खोलीत, मला मुलगी झाली. लहानशी, लालबुंद, आणि रडायला पहिल्यापासून खमकी.

"मुलगी आहे," सुईण जरा खालच्या आवाजात म्हणाली.

"रडते ना?" सासूबाई दारातून म्हणाल्या. "मग झालं."

पौषात चौकट बसवत नाहीत, म्हणून माघाचा मुहूर्त धरला. निरोप गेला, आणि काय आश्चर्य, मक्तेदार उजाडायच्या आत हजर. कोट काढून ठेवून त्यानं स्वतः रंधा हातात घेतला. सासूबाई माजघरात मुलीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्या त्याच्याकडे बघून काही बोलल्या नाहीत. बोलायला पाहिजे होतं, निदान "सुतार" तरी म्हणायला पाहिजे होतं. माझ्या ते तेव्हा लक्षात आलं नाही. उंबरठ्याखाली सुपारी आणि नाणं ठेवलं, हळदीकुंकू वाहिलं, नारळ फुटला. पुढचं दार बसलं. खिडक्यांच्या झडपा बसल्या. दुसऱ्या दिवशी कलत्या उन्हाला सगळ्यात शेवटी माझ्या खोलीचं दार बसलं.

"वैनी, लावून बगा," मक्तेदार म्हणाला.

मी फळी ढकलली. ती चौकटीत अलगद जाऊन बसली. कडी घातली. आणि घर एकदम गप्प झालं. नदीचा आवाज गेला, परसातल्या पानांची सळसळ गेली, रस्त्यावरच्या गाड्या गेल्या. इतके महिने आम्ही केवढ्या आवाजात राहत होतो हे मला तेव्हा कळलं.

त्या शांततेत सासूबाई खोकल्या. घशातला खोकला नव्हता तो. खोल कुठून तरी उपसून आल्यासारखा, लांबत जाणारा, मध्ये श्वास घ्यायलाही जागा न ठेवणारा. हा खोकला रोज माझ्या उशापाशी होता. आणि मी तो पाऊस, वारा आणि तट्ट्यांची फडफड यांतून अर्धामुर्धाच ऐकत आले होते.

मक्तेदारानंही ऐकलं. तो रंध्यावर हात ठेवून उभा राहिला. मग फळीच्या कडेवरून तळवा फिरवत हळूच म्हणाला, "आता कुठनं वारं येत न्हाई."

"लागलं का गं दार?" सासूबाईंनी माजघरातून विचारलं.

"लागलं," मी म्हटलं.

"मग आज माझं अंथरूण माजघरात घाल."

मी वाकळ उचलून माजघरात नेली. पुढच्या पावसाळ्यात त्या नव्हत्या.